पान ११२, पुढचं सांगू नका

पेणला कचेरीजवळ माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. दिवसभर सातबारा, फेरफार, आधार, प्रतिज्ञापत्र, पुन्हा सातबारा. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये जेवढा वेळ सापडेल तेवढ्यात मी वाचते. पुस्तक मशीनच्या झाकणावर उपडं पडलेलं असतं. कोणी आलं की ते उचलायचं, कागद घालायचा, बटण दाबायचं, पैसे घ्यायचे, पुस्तक परत उपडं. माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीला बाक आलेला आहे. वाचनालयातल्या बाई मला त्यावरूनच ओळखतात.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमच्याकडचे एक मूर्तिकार दादा परदेशी जाणाऱ्या गणपतींचे कागद झेरॉक्स करायला आले. बोटीने जाणाऱ्या मूर्ती पावसाच्या आधीच निघतात, त्यामुळे तेव्हा त्यांची घाई असते. तरी उपड्या पुस्तकाकडे बघून त्यांनी विचारलं, "कुठवर आलंय?"

मला आतापर्यंत सगळ्यांनी "कसं आहे?" असंच विचारलं होतं. "कसं आहे" म्हटलं की "छान आहे" म्हणायचं आणि सुटे पैसे परत करायचे. कुठवर आलंय, हा कारखान्यातला प्रश्न. तिथे मूर्तीबद्दल असंच विचारतात. साच्यातून निघाली का, फिनिशिंग झालं का, अस्तर लागलं का, आखणी बाकी आहे का. मी म्हटलं, "निम्म्यावर आलंय, पण नायकाचा राग यायला लागलाय." दादा म्हणाले, "मग पुढच्या रविवारी सांगा, राग गेला का ते." अशी आमची बैठक सुरू झाली. महिन्यातला दुसरा रविवार, संध्याकाळी पाच, दादांच्या कारखान्यात. सीझन जोरात असला की माझ्या दुकानात, शटर अर्धं खाली घेऊन.

पहिली बैठक साफ फसली. जो तो आपलं आवडतं, कधीचं वाचून झालेलं पुस्तक घेऊन आला. निवृत्त मुख्याध्यापक सर चाळीस मिनिटं बोलले. कथानक, पात्रचित्रण, भाषाशैली, समारोप. ऐकताना मला दहावीच्या गाईडचा वास आला. बाकीचेही तसेच, मीही तशीच. वाचून झालेलं पुस्तक माणसाच्या डोक्यात घडी घालून ठेवलेलं असतं. इस्त्रीच्या कपड्यासारखं ते बाहेर काढायचं, दाखवायचं, परत ठेवायचं. समोरच्याने त्यावर काय बोलायचं?

दादा म्हणाले, "जे आत्ता हातात आहे तेच आणायचं. संपलेलं आणायचं नाही."

मग हळूहळू नियम होत गेले. आधी पान क्रमांक सांगायचा. पाच मिनिटं बोलायचं. मत द्यायचंच, "छान आहे" हे मत धरलं जाणार नाही. आणि ज्यांनी ते पुस्तक आधी वाचलंय त्यांनी पुढचं सांगायचं नाही. सांगितलं तर त्या दिवशीचे वडापाव त्यांच्याकडून. सर पहिल्या सहा महिन्यांत चार वेळा वडापाव देऊन बसले. शिक्षकाला पुढचा धडा माहीत असताना गप्प बसवत नाही, त्याला तरी काय करणार.

तिसऱ्या की चौथ्या बैठकीला मी खोटं बोलले. मार्चअखेर होती आणि महिनाभर एक पान वाचलं नव्हतं. मी घरातलं जुनं, कधीतरी वाचलेलं पुस्तक उचललं, मधोमध खूण आहे तशी ठेवली आणि "पान साठ" म्हणून बोलायला लागले. बोलले पण बरं. माझं झाल्यावर समोर बसलेल्या वहिनींनी पुस्तक हातात घेतलं, खुणेचा कागद काढला आणि उजेडात धरला. ते एसटीचं जुनं तिकीट होतं. कंडक्टर पेटीतून फाडून पंच करून द्यायचे, ते बोटभर. "ही तिकिटं बंद होऊन किती वर्षं झाली गं?" वहिनींनी विचारलं. सगळे हसले. त्या दिवशीचे वडापाव माझ्याकडून, नियमात नसताना.

पण त्या फजितीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. खोटं बोलताना मी एकदाही अडखळले नव्हते. खरोखर निम्म्यावर असलेला माणूस अडखळतो. तो "म्हणजे असं वाटतंय, पण अजून कळत नाही" असं म्हणतो, पान उलटून बघतो, एखाद्या पात्राचं नाव विसरतो. आता कोणी फार सफाईने बोलायला लागलं की आमच्यातलं कोणीतरी "तिकीट दाखवा" म्हणतं.

या वहिनी स्वतः काय आणत होत्या, तर कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'. लागोपाठ तीन महिने. सरांना ते पटेना. हे संदर्भाचं पुस्तक झालं, वाचनाचं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. वहिनी म्हणाल्या, "मी पहिल्या पानापासून ओळीने वाचतेय, तुम्ही कधी वाचलंय का ओळीने?" कोणीच वाचलं नव्हतं. मग त्यांनी मत दिलं आणि ते त्या संध्याकाळचं सगळ्यात चांगलं मत होतं. त्या म्हणाल्या, "माझी सासू अंदाजपंचे घाल म्हणायची. मीठ किती, तर लागेल तेवढं. लागेल तेवढं म्हणजे किती, ते कळायला मला बारा वर्षं लागली. या बाई वाटी-चमच्याने मोजून सांगतात. नव्या सुनेला कोणासमोर हात पसरायला लागू नये म्हणून कोणीतरी लिहिलंय, असं वाचताना वाटतं." सरांनी चष्मा पुसला आणि मान्य केलं. शेवचिरोट्यांच्या पानावर डाग पडलेला होता, तोही वहिनींनी पुरावा म्हणून दाखवला.

आमच्यात एक कॉलेजचा मुलगा आहे. माझ्याकडे असाइनमेंटची स्पायरल बाइंडिंग करायला यायचा, तिथून बैठकीला चिकटला. त्याने भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' आणली. १९६३ ची कादंबरी, आणि हा जन्मला दोन हजारच्या पुढे. पान साठच्या आसपास होता आणि फुललेला होता. "ताई, हा पांडुरंग म्हणजे मीच आहे. मेस, होस्टेल, पैसे मागवणं, सगळं. आणि हे उदाहरणार्थ, वगैरे, वगैरे. मी पण आता असंच बोलतोय वगैरे." खोखो हसत होता. आमच्यापैकी तिघांनी ती वाचलेली होती. आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळलं. सरांचा हात खिशाकडे गेला, तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवशी त्यांनी वडापावचे पैसे वाचवले, आणि मला त्यांचा पहिल्यांदा आदर वाटला.

पुढच्या महिन्यात मुलगा आला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. त्याची पाळी आली. पुस्तक मांडीवरच ठेवून म्हणाला, "मनीपर्यंत आलोय." मनी म्हणजे पांडुरंगची धाकटी बहीण. बस, एवढंच. पाच मिनिटांतली पाच मिनिटं तो बोलला नाही आणि कोणी त्याला बोल म्हटलं नाही. मागे पंखा फिरत होता आणि ओळीने रंग न लागलेले पांढरे गणपती. आधीच्या महिन्यात जो इतका हसला होता त्याचंच हे गप्प बसणं होतं, म्हणून ते ऐकू आलं. पुस्तक संपवून एकदम आला असता तर "शोकात्म वळण" वगैरे म्हणून मोकळा झाला असता.

दादा स्वतः वाचत नाहीत, ऐकतात. सीझनमध्ये हात मोकळे नसतात, म्हणून मुलगी शेजारी बसून वाचून दाखवते. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' चाललं होतं. त्यातलं वडिलांच्या सोवळ्याचं प्रकरण ज्यांनी वाचलंय त्यांना आठवेल. बाजारातून आणलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, मीठसाखरसुद्धा. दादा तेव्हा आखणी करत होते, म्हणजे मूर्तीचे डोळे. पेणमध्ये आखणीच्या हाताला वेगळा मान आहे, तो हात घरोघरी नसतो. मुलीने मीठ धुण्याचं वाचलं आणि दादांना हसू फुटलं. पापणीची रेघ गेली कानाकडे. "आखणीच्या वेळी लक्ष्मीबाई बंद," असं त्यांनी बैठकीत जाहीर केलं. "अस्तर मारताना चालतील." मला हे मत फार आवडलं. कोणत्या पुस्तकाला हातातलं कुठलं काम झेपतं, हे कुठल्याच परीक्षणात लिहिलेलं नसतं.

आता माझं सांगते, कारण या सगळ्यात सर्वांत जास्त आपटले ती मीच.

मी विष्णुभट गोडसे वरसईकरांचं 'माझा प्रवास' घेतलं. वरसई आमच्याच तालुक्यातलं. कित्येकदा वरसईचे लोक दुकानात कागद करायला येतात, पण त्या गावच्या या भटजींचं पुस्तक मी पन्नाशीला आल्यावर हातात घेतलं, हेही लिहून ठेवते. वाचनालयाची प्रत होती. तपकिरी पुठ्ठ्याची बांधणी, सुरुवातीची पानं गायब, थेट मजकुरापासून सुरू. त्या गायब पानांनीच माझा घात केला.

गोष्ट थोडक्यात अशी. घरावर कर्ज झालेलं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार अशी बातमी कोकणात पोचते. भरपूर दक्षिणा मिळेल म्हणून हा तिशीतला भटजी १८५७ च्या सुरुवातीला आपल्या काकांबरोबर पायी उत्तरेला निघतो. महूच्या आसपास पोचतो तोवर शिपाई भेटतात, काडतुसांची हकीकत सांगतात, आणि परत फिरायचं की पुढे जायचं हा प्रश्न पडतो. ते पुढे जातात.

पहिल्या महिन्यात मी एक चतुर्थांशावर होते आणि मत दिलं, "माणूस पैशासाठी निघालाय आणि सारखा तेच मोजतोय. कुठे किती दक्षिणा, कुठे जेवायला काय. देशात एवढं पेटलंय आणि याचं लक्ष शिध्याकडे." थोडं तावातावाने बोलले. बैठकीतल्या मोडीवाल्या काकांनी नुसतं ऐकून घेतलं.

या काकांबद्दल सांगायला हवं. भूमी अभिलेखमधून निवृत्त झालेले, मोडी घडाघडा वाचतात. एरवी त्यांना कोणी विचारत नसे, पण २०२३ च्या शेवटी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्या माणसाला एकदम भाव आला. माझ्या दुकानातच एका कोपऱ्यात बसून ते लोकांचे जुने कागद लावून द्यायचे. पणजोबाचं नाव सापडलं की समोरचा माणूस पाया पडायचा. तेव्हापासून ते बैठकीला येत होते, पण त्यांचं पुस्तक कोणतं ते कधी सांगायचे नाहीत. "अजून तोंड उघडण्याजोगं झालेलं नाही," म्हणायचे.

दुसऱ्या महिन्यात मी पान ११२ वर होते. भटजींबद्दलचा राग बराच उतरला होता. कर्ज असलेला माणूस पैसे मोजणारच, मीही मोजते. त्या दिवशी मी त्यांच्या भाषेची तारीफ केली. "बघा, तिकडे बंड झालं तेव्हाचा माणूस, वेदविद्या शिकलेला, तरी किती सरळ लिहितो. वाक्य कुठे अडत नाही, मुद्दा कुठे सुटत नाही. भिक्षुकाचं मराठी इतकं नीटस असेल असं वाटलं नव्हतं." आणि एक परिच्छेद वाचून दाखवला, आवाज लावून.

काका म्हणाले, "हे त्याचं मराठी नव्हे."

मला वाटलं, चेष्टा करतात. त्यांनी पिशवीतून स्वतःचं पुस्तक काढलं. तेच, 'माझा प्रवास'. ते सहा महिने गुपचूप तेच वाचत होते. म्हणाले, "तो परिच्छेद पुन्हा वाच." मी वाचला. त्यांनी आपल्या प्रतीतली तीच जागा काढून वाचली. प्रसंग तोच, पण पहिल्या ओळीपासून काही जुळेना. माझ्या भटजींनी अंघोळ करून, भांग पाडून लिहिलं होतं. काकांचे भटजी चालता चालता बोलत होते, धाप लागलेली, वाक्य सुरू झालं की दम संपेपर्यंत थांबायचं नाव नाही.

मग उलगडा झाला. गोडसे भटजींनी हे लिहिलं ते चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून, बंडाला पंचवीसएक वर्षं होऊन गेल्यावर. लिहिलं मोडीत. वैद्यांनी ते लगेच छापलं नाही, राज्य इंग्रजांचं होतं. १९०७ साली छापलं तेव्हा भटजी हयात नव्हते. आणि छापताना वैद्यांनी भाषा बदलली, काही गाळलं, आपल्या पद्धतीने मांडलं. मूळ हस्तलिखित पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात होतं. त्याबरहुकूम पुस्तक निघालं ते १९६६ मध्ये, दत्तो वामन पोतदारांनी काढलेलं. माझ्याकडची वैद्यांची आवृत्ती, काकांकडची पोतदारांची. हे सगळं माझ्या प्रतीच्या सुरुवातीच्या पानांवर असणार, आणि ती पानं कुणीतरी कधीच फाडून नेली होती.

म्हणजे मी तावातावाने तारीफ केली ती वैद्यांची. भटजींच्या खात्यावर.

मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी त्या दिवशी वडापाव पण खाल्ला नाही. सरांनी समजूत घातली की पिढ्यान्पिढ्या लोकांनी वैद्यांचीच आवृत्ती वाचली, त्यांचीही फसगत झालीच की. पण त्यांनी निदान बैठकीत उभं राहून भाषेवर पाच मिनिटं घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी काकांची प्रत मागून घेतली आणि मला जे येतं ते केलं. दोन्ही पुस्तकांतली त्याच प्रसंगांची सात-आठ पानं झेरॉक्स केली आणि ए-थ्रीवर शेजारी शेजारी चिकटवली. डावीकडे वैद्य, उजवीकडे भटजी. पिवळ्या पेनने खुणा करायला घेतल्या, तर उजवी बाजू अशी भरली की खुणेला अर्थच उरला नाही. मग उलटं केलं, जे दोन्हीकडे सारखं आहे तेवढंच रंगवलं. गावांची नावं, माणसांची नावं, रुपयांचे आकडे आणि इकडेतिकडे एखादा शब्द. तो कागद अजून दुकानात लावलेला आहे, पासपोर्ट फोटोच्या दरपत्रकाशेजारी. गिऱ्हाईक विचारतं, हे काय, वारसाचा दावा आहे का? मी म्हणते, तसंच काहीसं.

त्यावरून पुढच्या बैठकीत जे पेटलं ते दीड तास. मुलाचं म्हणणं, वैद्यांनी फसवणूक केली. सरांचं म्हणणं, वैद्य नसते तर भटजींनी लेखणीच धरली नसती आणि हातात काहीच नसतं. सरकारची भीती खरी होती, तेव्हाच्या छापील मराठीची रीत तशी होती. काका मात्र भाषेवरच अडून. "मोडीत शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत. आम्ही एक दस्त लावायचा म्हटला तर कुठे थांबायचं ते अर्थावरून ठरवतो. चूक झाली तर जमीन या भावाची त्या भावाला जाते. वैद्यांनी जागोजागी स्वतः थांबे घातले." वहिनी म्हणाल्या, "म्हणजे लागेल तेवढं मीठ होतं, त्यांनी चमचा घातला." यावर सगळे गप्प झाले, कारण आदल्या वर्षी चमच्याची बाजू वहिनींनीच घेतली होती.

माझं मत विचारलं तर, वैद्यांवर मला राग नाही. भाषा बदलली ती वाचकासाठी, हे कळतं. पण एका भिक्षुकाने स्वतःचा जीव वाचवत बघितलेलं नीटनेटकं केलं की त्यातली धाप जाते आणि आपण मेले "किती सरळ लिहितो" म्हणून खूश होतो. माझ्यासारखी बाई खूश झाली, यातच सगळं आलं.

त्यानंतर मी पुढचं वाचन दोन्ही प्रतींतून समांतर सुरू केलं आणि झाशीला अडकले. भटजी झाशीत असतानाच वेढा पडला, १८५८ चा मार्च-एप्रिल. शहर पडल्यावर गोऱ्यांनी केलेली कत्तल, लपून बसणं, आगी, तहान. आणि लूट. ती कशी पायरीपायरीने झाली ते ते सांगतात. आधी सोनंनाणं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडे-धान्य असं खाली खाली येत. मी इतिहासाच्या पुस्तकात "शहर लुटले" हे दोन शब्द वाचले होते. लूट ही घरातून काय आधी जातं आणि काय शेवटी, अशी असते, हे दोन शब्दांत नव्हतं. तिथेच वाड्यातल्या पुस्तकालयाची नासधूस झाली, ते वाचून मी मशीन बंद केली.

बैठकीत सांगितलं, "पान हललेलं नाही. झाशीच्या बाहेर पडता येत नाहीये." कोणी काही म्हटलं नाही. पुढच्या महिन्यातही तेच. दोन बैठका माझा आकडा तोच राहिला. नियमाप्रमाणे मत द्यायला हवं होतं. दादा म्हणाले, "अडकली, हे मतच आहे की." काकांनी मात्र वेगळंच केलं. पुढचं सांगायचं नाही हा नियम, म्हणून त्यांनी पुढचं सांगितलं नाही. फक्त मला पान उघडून दिलं आणि म्हणाले, "एवढं वाच. विहीर आहे."

काल्पीच्या वाटेवर भटजींना राणी भेटते तो प्रसंग. पराभव झालेला, घोड्यावरून आलेली, धुळीने माखलेली, तहानलेली. भटजी विहिरीतून पाणी काढून द्यायला पुढे होतात आणि ती नको म्हणते. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. मातीचं मडकं, दोरी. आणि पाणी पिता पिता ती जे बोलते, आपण अर्ध्या शेर तांदळाची धनीण, विधवाधर्म सोडून हे करायचं काही कारण नव्हतं, पण हिंदुधर्माच्या अभिमानाने यात पडलो, अशा अर्थाचं. मी हा प्रसंग लहानपणी ऐकला होता, पण ऐकला तो भाषणात, मूठ आवळून सांगितलेला. इथे एक भटजी बाजूला उभा आहे, पाणी काढायला पुढे केलेले हात तसेच राहिलेत. दुकानात वाचलं. समोर एक बाई तीन प्रती मागत होत्या, मी त्यांना चार दिल्या.

मे महिन्यात काकांनी आम्हाला वरसईला नेलं. रिक्षाने दोन फेऱ्या. बाळगंगेला पाणी जेमतेम होतं. फार काही बघायला मिळालं असं नाही, आणि मी तशी अपेक्षाही ठेवली नव्हती. बाळगंगा धरणात जाणाऱ्या गावांच्या यादीत वरसईचं नाव कित्येक वर्षं आहे. तिथले लोक त्याचेच कागद माझ्याकडे झेरॉक्स करायला येतात, त्यामुळे तिथल्या चहाच्या टपरीवर दोघांनी मला ओळखलं आणि पुस्तकाऐवजी मोबदल्याच्या कागदांबद्दलच बोलले. मुलाने नदीच्या काठावर उभं राहून विचारलं, "म्हणजे कावड घेऊन ते इथे..." काका ओरडले, "ताईचं तिथपर्यंत झालेलं नाही!" वडापाव मुलाकडून. खरं तर भटजी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले, हे पेणात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि परतले नसते तर पुस्तक कोणी लिहिलं असतं? पण नियम तो नियम.

ते शेवटचं प्रकरण मी जूनमध्ये वाचलं. पाऊस धो धो, लाइट गेलेली, मशीन बंद, गिऱ्हाईक नाही. वाटेत कितीदा लुटला गेलेला माणूस. दक्षिणेसाठी निघाला आणि घरी आणलं ते पाणी, त्याने आईवडिलांना स्नान घातलं. या पुस्तकावरचं पहिल्या महिन्यातलं माझं वाक्य आठवलं, याचं लक्ष शिध्याकडे. ते सगळ्यांसमोर बोलले होते, त्यामुळे आता विसरायची सोय नव्हती. मनातल्या मनात म्हटलं असतं तर सोयीने पुसून टाकलं असतं आणि आपल्याला पहिल्यापासूनच हा माणूस आवडला होता असं स्वतःलाच पटवलं असतं. मी तसं नेहमी करते.

पुस्तक संपलं म्हणजे नियमाप्रमाणे त्यावर बोलायचा हक्क संपला. जुलैच्या बैठकीला सीझनमुळे सगळे माझ्या दुकानात होते. दादा हाताला रंग तसाच घेऊन आलेले. माझी पाळी आली. मी म्हटलं, "माझा प्रवास. पान नऊ."

"संपलं ना ते?" सर म्हणाले.

"ते वैद्यांचं संपलं. पोतदारांचं मी मधूनच सुरू केलं होतं, झाशीच्या जवळून. आता पहिल्यापासून घेतलंय."

"एकच पुस्तक आहे ते!"

"एकच कसं? भिंतीवर बघा." मी ए-थ्रीकडे बोट केलं.

मुलगा माझ्या बाजूने, सर विरुद्ध. काका म्हणाले, आपण निकाल देणार नाही, प्रत आपली आहे. वहिनींनी पर्समधून 'रुचिरा' काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, माझी पण दुसरी खेप सुरू आहे, आता बोला. दादा बराच वेळ भिंतीवरचा कागद बघत राहिले, मग रंगाचं बोट न लागेल असं कोपराने ढोसून मुलाला म्हणाले, "जा, वडापाव आण. पैसे दोघांकडून अर्धे अर्धे घे. आणि ताई, तुम्ही सांगा, कुठवर आलंय?"